आपल्यातलाच

डॉक्टरीणबाईंनी माझ्या छातीवरची थंडगार चकती उचलली आणि विचारलं, "आजोबा कशाने गेले?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

"पणजोबा?"

"तेही गेलेत, एवढं नक्की."

बाई हसल्या नाहीत. वयाने माझ्या मुलीएवढ्या असतील. म्हणजे मला मुलगी असती तर. आम्हाला मूल नाही. त्याचं वाईट वाटून घ्यायचे दिवस केव्हाच मागे पडले आणि आता आम्ही दोघं एकमेकांवरच डाफरून ती हौस भागवतो. बाईंनी कानातल्या नळ्या गळ्यात सोडल्या आणि मला सांगितलं की ठोक्यात मधूनच एक गाळलेली जागा येते आहे. ती माझ्या एकट्याची आहे की घराण्याची, हे कळलं तर बरं होईल. तपासण्या लिहून देते, पण तुम्हीही घरात जरा विचारा. कोण कशाने गेलं, काय खायचे, काय काम करायचे, कसे राहायचे.

बाहेर पडलो तेव्हा मला स्वतःचीच लाज वाटत होती. मी लिफ्ट तपासतो. माझी सगळी नोकरी त्यात गेली. इमारतीत गेल्यावर माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: दोर केव्हा बदलला, आधी कुठे अडकली होती, कुणी दुरुस्त केली? ज्या लिफ्टचा पूर्वेतिहास मालकाला सांगता येत नाही तिच्यात मी पाऊल टाकत नाही. आणि हा मी स्वतः, पन्नाशी उलटलेला, वरचा दोर कुठे बांधलाय याचा पत्ता नसलेला.

बायकोला सांगितलं. ती वाचनालयात अर्धा दिवस काम करते आणि उरलेला दिवस वाचनालयात गप्प बसल्याची भरपाई करते.

"तुमच्या घराण्यात शोधायचंय काय?" ती म्हणाली. "हट्ट आणि कान. दोन्ही समोर दिसतायत."

कानांचं खरं आहे. आमच्या घरात सगळ्यांचे कान सुपासारखे, वरच्या टोकाला किंचित दुमडलेले. गर्दीत हरवलो तर सापडायला सोपे.

"आणि माझ्याकडच्यांचं कुणी विचारलं नाही वाटतं डॉक्टरांनी?"

"तुझी छाती कुठे तपासली त्यांनी?"

"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली आणि भाजी चिरायला आत गेली.

रविवारी सकाळी मी मोठ्या आत्याकडे गेलो. आत्या म्हणजे आमच्या घरातली सगळ्यात वडील व्यक्ती. दोन खोल्यांत राहते. ऐकू कमी येतं, पण जे तिच्याबद्दल बोललं जातं ते भिंतीपलीकडूनही ऐकू येतं. मला ती अजून बाळ्या म्हणते. मी तिच्यासमोर बसलो आणि मोठ्याने विचारलं, "आत्या, आजोबा कशाने गेले?"

"रागाने," आत्या म्हणाली.

"राग हा काही आजार नाही."

"तू त्यांना पाहिलं नाहीस." तिने शाल सारखी केली. "आणि परवाच तर सांगितलं की सगळं. त्याच्याकडून घे."

"कुणाकडून?"

"अरे तो आला होता ना. आपल्यातलाच. काय बाई त्याचं नाव..."

"कुठला?"

"ते मी कशी विचारणार? दार उघडलं तर समोर हे एवढाले कान. आपल्यातला आहे हे दिसतंय, तोही मला ओळखतोय, मग मीच कसं विचारायचं, बाबा रे तू कोण म्हणून? म्हटलं बोलता बोलता कळेल. तर बोलतोय तासभर, आणि मी आपली 'घरी सगळे बरे ना' इथेच अडकलेली."

ही पंचाईत मला समजली. आमच्याकडे दर लग्नकार्यात निम्मी माणसं उरलेल्या निम्म्यांना याच पद्धतीने ओळखतात.

"काय विचारत होता?"

"तुझ्यासारखंच. तुम्ही कशा राहायचा, काय खायचा, दिवसभर काय करायचा. मी सांगायला लागले आमच्या लहानपणीचं. तुझे आजोबा साबणाच्या कारखान्यात वड्या कापायचे, वर एकच खोली, नऊ माणसं, पाळ्यापाळ्यांनी झोपायची. एक उठला की त्याच्या गरम अंथरुणात दुसरा. घरभर साबणाचा वास आणि अंघोळीला पाणी नाही. तर तो ऐकून घेतो आणि म्हणतो, ते नाही, आताचं सांगा. आताचं काय सांगू? मी उठते, चहा पिते, बसते. ते सगळं त्याने अगदी मन लावून ऐकलं. मग म्हणाला, नळ बघू का? बघ म्हटलं. उघडला, बंद केला. उघडला, बंद केला. 'असं सरळ यायचं पाणी?' म्हणे. यायचं काय, येतं, म्हटलं, सकाळ-संध्याकाळ."

"मग?"

"मग मी त्याला केळं दिलं. सालासकट खाल्लं. फार चांगल्या वळणाचा मुलगा, चेहऱ्यावर काही दाखवलं नाही." आत्याचा चेहरा मात्र उतरला. "पण बाळ्या, जाताना मला खापरपणजी म्हणाला. पणजी म्हणाला असता तरी मी समजून घेतलं असतं. हे खापर कशाला लावायचं पुढे?"

घरी येऊन मी हे बायकोला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की तिला भिंत धरावी लागली. माझ्या मते तो एखाद्या विम्याचा माणूस असावा. तिच्या मते आमच्या घराण्याची एक शाखा जी कुणाशी बोलत नाही तिच्यातला असावा आणि न बोलून बोलून असा झाला असावा. मी एका मोठ्या कागदावर घराण्याची झाडासारखी आकृती काढायला घेतली होती. वरती आजोबांच्या नावाखाली 'राग' असं लिहून कंसात प्रश्नचिन्ह टाकलं.

पुढच्या आठवड्यात मी रेडिओकाकांकडे गेलो. हे वडिलांचे धाकटे भाऊ. बाजारामागच्या गल्लीत त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. आता कुणी रेडिओ दुरुस्त करत नाही, म्हणून ते दिवसभर स्वतःचेच उघडतात आणि लावतात. काउंटरवर तारा, स्क्रू, वितळलेल्या कथलाचा वास आणि मध्ये काका, डोळ्याला भिंग लावून.

"आजोबा कशाने गेले?"

"सुखाने," काका म्हणाले. "जेवले, हात धुतले, काहीतरी विनोद आठवला म्हणून हसले, आणि हसता हसता गेले. विनोद कुठला ते मात्र कळलं नाही, ती हुरहुर आहे."

"आत्या म्हणते रागाने."

"तिच्यावर हसले असतील." काकांनी भिंग काढलं. "तू एकटाच आलास? मला वाटलं दोघं मिळून येताय. परवा तो येऊन गेला."

माझा हात स्टुलावर होता तो तिथेच राहिला. "कान?"

"कान तर आहेतच. आपल्यातलाच आहे रे. पण थोडा," काकांनी बोट कपाळाजवळ नेऊन फिरवलं. "हा डबा हातात घेऊन विचारतो, 'यातून माणसं बोलायची तेव्हा तुम्ही त्यांना उत्तर द्यायचा का?' मी म्हटलं, बातम्यांना देतो कधी कधी. तर त्याला फार आनंद झाला. आणि सारखा तुझ्याबद्दल."

"माझ्याबद्दल काय?"

"'पणजोबा लिफ्ट तपासायचे म्हणजे नक्की काय करायचे?'" काकांनी त्याची नक्कल केली, हळू आणि फार स्पष्ट बोलणाऱ्या माणसाची, जणू परकी भाषा शिकून आलेल्याची. "मला आधी कळेना कोण पणजोबा. मग लक्षात आलं, लिफ्ट म्हणजे तूच. म्हटलं, अरे बाबा, तो पणजोबा कसा होईल? त्याला मूलच नाही. पहिली पायरी नाही तर तिसरी कुठून येणार?"

"मग तो काय म्हणाला?"

"गोंधळला. दुकानभर बघू लागला, कॅलेंडर शोधतात तसा. मग विषय बदलला. मला विचारतो, पावसात भिजलं की तुम्ही आजारी पडायचा का?"

मी दुकानातून बाहेर आलो. गल्लीत भर दुपारचं ऊन होतं, समोर एक बाई चादर झटकत होती, एक माणूस सायकलला हवा भरत होता. मी मनाशी म्हटलं, वेडा आहे. कुठल्यातरी शाखेत एक वेडा निघतोच. तरीही चालताना मी दोनदा मागे वळून पाहिलं, आणि माझ्या लक्षात आलं की मी माणसांचे चेहरे बघत नव्हतो, कान बघत होतो.

यानंतर मी जिथे जिथे जाई तिथे तो माझ्या आधी येऊन गेलेला असे. वडिलांच्या मावसभावाकडे त्याने जिन्याचा कठडा हात फिरवून पाहिला. दूरच्या एका वहिनीकडे त्याने गादीवर झोपून बघू का असं विचारलं, आणि वहिनीने झोपू दिलं. नाव कुणीही विचारलेलं नव्हतं. सगळ्यांना तो आवडला होता. माझ्यापेक्षा जास्त आवडला होता, हे मला न सांगता कळत होतं. मी दोन प्रश्न विचारून घड्याळाकडे बघतो. तो म्हणे ऐकतच राहायचा. "त्याच्यासमोर बोलताना," ती वहिनी म्हणाली, "आपण काहीतरी मोठं केलंय असं वाटतं. मी त्याला फक्त डबा कसा भरते ते सांगत होते."

मी एक युक्ती केली. चुलतबहिणीकडे आधी कुणालाही न सांगता जायचं. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला लाँड्री चालवते, आणि आमचं बोलणं गेली काही वर्षं जेमतेमच आहे, कारण मी एकदा तिच्या इमारतीतली लिफ्ट बंद करायला लावली आणि तिला महिनाभर कपड्यांची बोचकी चार मजले वाहावी लागली. मी तिच्याकडे जाईन असं घरातल्या कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

दुकानात वाफ भरलेली होती. मोठी यंत्रं गोल काचेतून कपडे घुसळत होती. बहिणीने इस्त्री उभी ठेवली, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "तू आलास. तो जाताना म्हणालाच होता."

मी समोरच्या बाकावर बसलो.

"तिथेच बसला होता," ती म्हणाली. "अख्खी दुपार. ते तीन नंबरचं मशीन बघत. सिनेमा बघावा तसं. धुणं संपलं की मी कपडे काढायची, तर विचारायचा, पुन्हा लावणार का?"

"कसा होता दिसायला?"

"तू. तुझ्यापेक्षा बरा. तिशीचा असेल." ती इस्त्रीकडे वळली, पण इस्त्री उचलली नाही. माझी ही बहीण आयुष्यभर दुसऱ्यांचे कपडे हाताळत आली आहे. माणसाचा चेहरा ती विसरेल, कॉलर विसरणार नाही. "मी तुला एक सांगू? त्याचे कपडे बरोबर नव्हते."

"फाटके?"

"नवेकोरे. पण बरोबर नव्हते. शर्टाला बटणं होती, काजं नव्हती. बटणं नुसती वर शिवलेली. आणि खिसा पाठीवर."

"पाठीवर?"

"पाठीवर. मी म्हटलं फॅशन असेल. मग पँट बघितली. पँटला इस्त्रीची घडी असते ना आपल्या, पुढून?" तिने बोटाने हवेत सरळ रेघ ओढली. "ती शिवलेली होती. वरपासून खालपर्यंत टाके घालून. कुणीतरी फोटोत घडी बघितलीय, पण ती घडी आहे हे सांगायला कुणी नाही, तसं."

शेवटचं यंत्र थांबलं. दुकानात एकदम शांतता झाली आणि दोघंही दचकलो.

"मी विचारलं त्याला," ती हळू म्हणाली. "मला नाही तुमच्यासारखी भीड. म्हटलं, भाऊ, तुम्हाला हवंय तरी काय? तर म्हणाला, 'पणजी, आमच्याकडे घरात एक दुखणं आहे. डॉक्टर विचारतायत, मागचे लोक कशाने गेले.' पणजी म्हणाला मला! मी केस काळे करते!"

"पुढे?"

"पुढे काय... तुझं विचारलं. लिफ्टवाले पणजोबा कशाने गेले?"

माझ्या छातीतली ती गाळलेली जागा नेमकी तेव्हा येऊन गेली.

"मी म्हटलं, गेला कुठे? आहे अजून. माझ्या जिवाला घोर लावून आहे." बहिणीने माझ्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत तिने माझ्याकडे इतक्या मायेने पाहिलं नव्हतं आणि ते मला मुळीच आवडलं नाही. "तर तो उठलाच. ओशाळला. म्हणाला, 'माफ करा. मग मी जरा लवकर आलो.'"

त्यानंतरचे काही दिवस मी धड नव्हतो. काम करत होतो, पण लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात उतरलो की वर बघत राहायचो. जेवण जाईना. रात्री झोपताना बायकोला बँकेची कागदपत्रं कुठे आहेत ते सांगायला लागलो. पहिल्या दिवशी तिने ऐकून घेतलं, दुसऱ्या दिवशी म्हणाली, "तुम्ही जाणार असाल तर आधी माळा आवरून द्या." तिला वाटत होतं की मी तपासण्यांना घाबरलोय. बहीण जे बोलली ते मी तिला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ती हसली असती, आणि या वेळी तिने हसू नये असं मला वाटत होतं.

तपासण्यांचे निकाल घ्यायला मी एकटाच गेलो. डॉक्टरीणबाईंनी कागद उलटसुलट करून पाहिले, पुन्हा छाती तपासली आणि पहिल्यांदाच हसल्या.

"काही नाही हो. कित्येकांना असतं असं. हृदय छान आहे, रक्तवाहिन्या तुमच्या वयाच्या मानाने फारच छान. मीठ थोडं कमी करा आणि जिने चढा. नव्वदी बघाल तुम्ही."

"नक्की?"

"लेखी हवंय का?"

मी दवाखान्यातून बाहेर पडलो तो तरंगतच. किती दिवसांनी भूक लागली होती. सुटी टाकलेलीच होती. म्हटलं, दुपारचा चहा घरी, बायकोबरोबर. तिचाही आज घरी राहायचा दिवस. वाटेत तिच्या आवडीची खारी घेतली. वेड्याच्या नादी लागून आपण आपली फजिती करून घेतली, हे तिला कसं सांगायचं आणि तिने किती हसायचं, याची मनात उजळणी करत होतो.

आमची इमारत जुनी. लिफ्ट जाळीच्या पिंजऱ्यातली आणि जिना तिच्याभोवती वळत वर जातो. बाईंचं ऐकून मी जिना धरला. दुसऱ्या मजल्यावर पोचलो तेव्हा वरून लिफ्ट सुटल्याचा आवाज आला. दोर सरकला, लिफ्टला तोलणारा वजनाचा ठोकळा माझ्या शेजारून वर गेला, आणि लिफ्ट खाली येऊ लागली.

आत एक माणूस पाठमोरा उभा होता. पाठीवर खिसा होता.

"अहो!" मी ओरडलो.

तो वळला. माझे कान, माझं नाक, माझ्या वडिलांची हनुवटी. त्याने मला पाहिलं आणि ओळखलं. मग थोरामोठ्यांसमोर लवतात तशी त्याने किंचित मान लववली.

लिफ्ट माझ्यासमोरून खाली गेली. मी जाळीला हात लावून तिच्याबरोबर जिना उतरू लागलो. जाळीतून तिचं छप्पर सतत दिसत होतं. मधे ती कुठेही थांबली नाही.

माणूस आत असलेली लिफ्ट आणि रिकामी लिफ्ट यांचा खाली टेकतानाचा आवाज वेगळा असतो. मी डोळे मिटून सांगू शकतो. माझी नोकरीच ती.

ती रिकामी टेकली.

मी खाली पोचून दार सरकवलं. आत दिवा लागलेला होता. कुणी नव्हतं.

त्या लिफ्टने वर जायचा धीर मला झाला नाही. जिने चढून गेलो. दार उघडंच होतं. बायको टेबलाशी बसली होती, समोर दोन कप, आणि चेहरा असा फुललेला की मी उंबऱ्यातच थांबलो.

"चुकामूक झाली तुमची!" ती म्हणाली. "आत्ता, या मिनिटाला गेला. थांब म्हटलं, येतीलच हे. पण त्याला परत जायचं होतं. अहो, किती गोड मुलगा! आणि ती पँट! मी हसू दाबून दाबून बेजार झाले."

मी खुर्ची ओढून बसलो. "काय विचारलं त्याने? माझं काय विचारलं?"

"तुमचं? काही नाही."

"काहीच नाही?"

"तुमचं त्याला सगळं ठाऊक आहे म्हणाला. घरात तुमचं खूप बोलणं होतं म्हणे. तो माझ्यासाठी आला होता." हे सांगताना ती थोडी लाजली. "मी लहानपणी कुठे राहायचे, शाळेत जाताना कुठला रस्ता, मला काय आवडतं, काय आवडत नाही. कुठल्या कुशीवर झोपते. मी कशाला घाबरते. अहो, इतक्या वर्षांत कुणी विचारलंय मला असं? तुम्ही एवढं झाड काढलंत, माझी साधी एक फांदी काढली नाहीत."

ते खरं होतं. कागद भिंतीवर लावलेला होता. माझ्या शेजारी एक रेघ होती आणि तिच्यापुढे 'बायको' एवढंच लिहिलेलं.

"तब्येतीचं काही विचारलं का?"

"विचारलं ना. दम लागतो का, डोकं दुखतं का. म्हटलं, मला काय धाड भरलीय?"

"मग?"

"मग रिकाम्या कपात बघत बसला. मी त्याला आणखी चहा दिला." तिने कप एकात एक घातले. "आणि ऐका, मोठ्या आत्यांना सांगू नका हं, त्यांना राग येईल. त्या नुसत्या खापरपणजी. मला काय म्हणाला माहितीये? दारात उभा राहून म्हणाला, 'येतो हं, पहिल्या पणजी.' पहिल्या! बघा म्हटलं, माझा नंबर पहिला लागला."

बाहेर लिफ्ट कुणीतरी बोलावली. ती वर गेली, थांबली.

"असं काय बघताय?" बायकोचं हसू कमी झालं. "रिपोर्ट वाईट आलाय का?"

"नाही."

"खरं सांगा."

"चांगला आलाय. नव्वदी बघशील म्हणाल्या. म्हणजे मी."

"मग झालं तर! उगाच घाबरवता." तिने खारीची पुडी उचलली, वास घेतला, आणि कप घेऊन आत गेली. आतून तिचं बोलणं चालूच होतं. "आणि एक गंमत सांगायची राहिली. मी आपली सारखी बोलतेय, तर हा डोळे मिटून बसलेला. म्हटलं, झोप आली का रे? तर म्हणतो, 'नाही, नाही, तुम्ही बोला. आमच्या घरात कुणालाच माहीत नाही, तुमचा आवाज कसा होता ते.'"

तिने नळ सोडला.

"होता म्हणे!" ती म्हणाली, आणि कप विसळता विसळता पुन्हा हसायला लागली.